वाघमारे डॉक्टरांचे पाहुणे

वाघमारे डॉक्टरांनी मला वाचवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा त्यांची टिंगल करतोय. टिंगल झालीच तर माझी होईल, आणि तिची मला सवय आहे.

डॉक्टर जनावरांचे. परभणीच्या एका जनावरांच्या कॉलेजात ते कुत्र्यांवर प्रयोग करायचे. त्यांची रीत अशी, की माणसांना अरे-तुरे आणि कुत्र्यांना अहो-जाहो. कुत्रा ज्या गावातून धरून आणला, त्या गावाचं आडनाव त्याला मिळायचं. "या, ताडकळसकर, बसा. आज तुमाला उपास हाय, मनावर घेऊ नका." पलीकडच्या जाळीतून कुणी भुंकलं की, "दमानं, पेडगावकर. पाहुणे आलेत." पाहुणे म्हणजे नवे धरून आणलेले चारठाणकर. एक कान फाटलेला आणि स्वभाव लय तापट.

मी कोकणातला. सातवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर, लांबच्या मामांच्या ओळखीनं मी इकडं आलो आणि कुत्र्यांच्या खोल्या धुवायला लागलो. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याला भितोस का रे?"

"नाही," मी खिडकीवर चढूनच म्हणालो.

"भितोस. बेस हाय. न भिणारा माणूस दार उघडं टाकून जातो." आणि मला ठेवून घेतलं.

या उपकारानं मी इतका दबून गेलो की काय धुऊ नि काय नको असं व्हायचं. एकदा त्यांचे बूटसुद्धा फिनेलनं धुतले. ते दिवसभर ओल्या बुटांनी हिंडले, पण मला काही बोलले नाहीत. चारठाणकरांना मात्र सांगितलं, "पोरगं कामाचं हाय, जरा जास्तच."

प्रयोग होता स्वादुपिंडाचा. ते जठराच्या मागं असतं. ते अचानक सुजलं की स्वतःच्याच पाचक रसानं आतल्या आत करपतं, आणि चांगला धडधाकट माणूस आडवा होतो. यावर औषध काय, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. म्हणून डॉक्टर कुत्र्याला भूल देऊन त्याचंच पित्त सुईनं उलट्या वाटेनं स्वादुपिंडात सोडत, आणि सूज कशी चढते, कशानं उतरते ते बघत. भूल उतरली की कुत्रं पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकायचं आणि मागचं अंग वर धरायचं. काही वाचायचे, काही नाही. डॉक्टर प्रत्येकाच्या कानाशी वाकून "माफी असावी" म्हणायचे. मला गंमत वाटायची. दुसऱ्याच्या पोटात दुखावं म्हणून झटणारी माणसं आमच्या गावातही होती, पण त्यांना त्याचा पगार नव्हता.

मग एका दुपारी फरशी धुताना माझ्याच पोटात असं काही उठलं की हातातली बादली सुटली. उभं राहवेना, आडवं होववेना. शेवटी गुडघे आणि कपाळ फरशीला टेकले, तेव्हा कुठं श्वास आला.

माझ्याबरोबर काम करणारे गफारभाई दारात आले. "नमाज पढायलास का काय? अरे बाबा, किबला हिकडं हाय. तू स्टेशनाकडं तोंड केलायस!"

त्यांच्यामागून डॉक्टर आले. माझ्याकडं बघितलं आणि उकिडवे बसले.

"काय व्हायलंय तुमाला?"

डॉक्टरांनी 'तुमी' म्हटल्यावर पुढं काय होतं, ते मी रोज बघत होतो.

"डॉक्टर, मी माणूस आहे हो!"

"ते मागनं बघू," म्हणाले, आणि कुत्री आणायच्या जीपमध्ये मला घातलं.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, "अजीर्ण आहे. सोडा द्या."

"सोडा न्हाई, पाण्याचा थेंबही न्हाई. सलाईन लाव. स्वादुपिंड सुजलंय."

"तुम्ही जनावरांचे ना?"

"म्हणून तर सांगायलोय. हे असं बसणं मी वळखतो."

तरुण डॉक्टर हसला. वाघमारे हसले नाहीत. माझं रक्त काढलं, कॉलेजात नेलं, कुत्र्यांचं तपासतात तिथंच तपासलं आणि कागद घेऊन परत आले. कागद वाचून तरुण डॉक्टरानं गुपचूप सलाईन लावलं.

"पित्ताचा खडा वाटंत अडकला असणार," वाघमारे मला म्हणाले. "मी सुईनं घालतो, ते तुमच्यात आपल्या पायानं गेलं."

दुखणं उतरेपर्यंत ते खाटेशेजारच्या स्टुलावरच होते. त्यांच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, असं गफारभाईंकडून नंतर कळलं. मी जरा बोलता झालो तशी त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"एक इचारू? कसं दुखतं?"

शिकल्यासवरल्या माणसानं मला ठाऊक असलेलं काही विचारण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. मी सुटलोच. पोटातून पाठीत खुंटी ठोकल्यासारखं. कुणी ओला पिळा पिळतंय आणि सोडतच नाही, असं.

"श्वास घेतला की वाढतं?"

"वाढतं."

"हात फिरवला तर?"

"हात लावू नये. पण कुणीतरी जवळ असावं."

डॉक्टर चष्मा काढून सदऱ्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "पाहुणे सांगत न्हाईत ना. इतकी वर्सं इचारायलोय."

मी कामावर परतलो तेव्हा डॉक्टरांची खाट कुत्र्यांच्या खोलीत आली होती. भूल उतरायच्या आत प्रत्येक पाहुण्याला दुखणं कमी करायचं इंजेक्शन मिळायला लागलं होतं. चारठाणकर त्यांच्यावरच्या प्रयोगातून बरे झाले, आणि त्यांच्यावर पुन्हा सुई चालली नाही. ते डॉक्टरांच्या खाटेखाली राहायला गेले.

डॉक्टरांचे उपकार मला कधीतरी फेडायचे आहेत. ते कुणाकडून काही घेत नाहीत, म्हणून मी दुसरंच ठरवलंय. एक दिवस त्यांच्यासमोर बसायचं आणि शांतपणे सांगायचं, "डॉक्टर, तेव्हा मी फार वाढवून बोललो. इतकं काही दुखलं नव्हतं. पाहुण्यांनाही दुखत नसेल." हे साफ खोटं आहे. ते न अडखळता बोलता यायला लागलं, की त्याच दिवशी जाणार आहे.