बारा दगड, धुऊन-पुसून

रविवारी दुपारचं जेवण उरकून संग्रहपाल घराच्या गॅलरीत आले, तेव्हा त्यांचे बारा दगड टॉवेलवर ओळीनं मांडून ठेवलेले होते. शनिवारी संध्याकाळी ते मळकट काळे होते. आता ते लखलखीत काळे होते, आणि बाराच्या बारा अगदी सारखे दिसत होते.

"कसे झालेत?" सासूबाईंनी हात पुसत विचारलं. "पाखरांनी काय घाण केली होती हो! एकेका दगडावर पांढरा ठिपका. साध्या घासणीनं निघेना, मग तारेची घेतली."

संग्रहपालांच्या तोंडचं पाणी पळालं. ते पांढरे ठिपके त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेले होते आणि प्रत्येक ठिपक्यावर काळ्या शाईनं बारीक आकडा घातलेला होता. एक ते बारा. दगड कोणता हे सांगणारी तेवढीच खूण होती. म्हणजे दुसरीही होती. ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात दगडाखाली नावाची एक चिठ्ठी होती.

"आई, त्या चिठ्ठ्या?"

"फेकल्या नाहीत हं! मी कागद फेकेन का?" सासूबाईंनी अभिमानानं गठ्ठा पुढे केला. बाराही चिठ्ठ्या नीट एकावर एक रचून त्यांनी वर रबरबँड लावला होता. पोस्टात बत्तीस वर्षं पार्सलच्या खिडकीवर काढलेल्या बाईंना सुटा कागद बघवत नसे.

संग्रहपाल खुर्चीत बसले. सोमवारी सकाळी दहाला मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई येणार होत्या. ते सांभाळत असलेल्या, कॉलेजच्या दोन खोल्यांच्या खनिज संग्रहालयाची नीट देखभाल होते की नाही, एवढं त्या बघणार होत्या. होत नसेल, तर सगळे दगड खोक्यांत भरून मोठ्या संग्रहालयात जाणार होते आणि संग्रहपाल आवक-जावकच्या टेबलावर. चोवीस वर्षं दगडांत रमलेला माणूस पाकिटांवर शिक्के मारत बसणार, या विचारानं त्यांना गेले पंधरा दिवस जेवण गोड लागत नव्हतं. बाईंसमोर सगळं टापटीप दिसावं, चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरांत नव्यानं लिहाव्यात, म्हणून त्यांनी संग्रहालयातला सर्वांत महत्त्वाचा ट्रे नियम मोडून घरी आणला होता. गॅलरीत उजेड चांगला असतो, म्हणून तिथे ठेवला होता. बेत चांगलाच होता, त्यात सासूबाई धरलेल्या नव्हत्या इतकंच.

"एवढं काय झालं?" बायको आतून आली. "दगड तेच आहेत ना? लावा चिठ्ठ्या परत."

"कुठली कुठल्याला लावू? अगं, यात पाच टँटलाइट आहेत, चार कोलंबाइट आहेत आणि तीन टॅपिओलाइट!"

"मग?"

"मग काय? तिघंही काळे!"

बायकोनं ओळीकडे पाहिलं. काळे होते खरे. संग्रहपालांनी हताशपणे समजावून सांगायला सुरुवात केली. टँटलम नावाचा एक धातू असतो, आपल्या फोनच्या पोटातसुद्धा तो चिमूटभर असतो. त्याचा एक जुळा भाऊ आहे, नायोबियम. ही दोघं एकमेकांना सोडून राहत नाहीत. लोखंडाबरोबर नाहीतर मँगनीजबरोबर ती ऑक्सिजनमध्ये बांधली गेली की हे दगड तयार होतात. टँटलम जास्त असेल तर टँटलाइट, नायोबियम जास्त असेल तर कोलंबाइट.

"आणि तो तिसरा?"

"टॅपिओलाइट. त्यात माल टँटलाइटचाच, पण रचना वेगळी. बांधा वेगळा."

"म्हणजे मी आणि ताई," बायको म्हणाली. तिची थोरली बहीण तिच्या दुप्पट होती.

"ओळखायचे कसे मग?" सासूबाईंनी विचारलं. आपल्या हातून काहीतरी झालंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण ते कबूल करायची त्यांना घाई नव्हती.

ओळखायच्या रीती संग्रहपालांना पाठ होत्या. पहिली रीत कसाची. खरखरीत पांढऱ्या फरशीवर दगड घासला की रेघ उमटते. लोखंडवाल्याची रेघ काळपट तपकिरी, मँगनीजवाल्याची तांबूस. फरशीची मागची बाजू त्याला चालते, आणि घरात एक जास्तीची फरशी होती. ती फ्रिजच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली होती. संग्रहपालांनी ओणवं होऊन ती ओढून काढली. फ्रिज एका अंगाला कलला, त्यावरचा पाण्याचा जग घसरला आणि खाली ओट्यावर, स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर उपडा झाला. काट्यानं एकदा आठ-आठ-आठ दाखवलं आणि डोळे मिटले.

"काटा गेला!" बायको ओरडली.

"काटा?" संग्रहपाल फ्रिजला खांदा लावून उभे होते, त्यांना मागचं दिसत नव्हतं. "अगं, दुसरी रीत त्याच्यावरच होती!"

दुसरी रीत वजनाची होती आणि खरी भिस्त तिच्यावरच होती. टँटलम भलता जड. सारख्या आकाराचे दोन दगड घेतले, तर टँटलाइट कोलंबाइटच्या दीडपट भरतो. आकारमान पाण्यात बुडवून काढता आलं असतं, पण वजनाला काटा हवा. संग्रहालयात उत्तम काटा होता, पण रविवारी कुलूप, आणि पहारेकरी किल्ली घेऊन सोमवारी साडेनऊला उगवणार. अर्ध्या तासात बारा दगड, बारा ठिपके, बारा चिठ्ठ्या होणं शक्य नव्हतं. फ्रिजखाली वर्तमानपत्राची घडी सरकवून संग्रहपाल बाहेर आले आणि त्यांनी फरशीवर बारा रेघा ओढल्या. सात तपकिरी आल्या, पाच तांबूस. लोखंड आणि मँगनीज कळलं. टँटलाइट कोणता आणि कोलंबाइट कोणता, हे जिथल्या तिथेच राहिलं.

"हा जड आहे," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या उजव्या हातात एक दगड होता, डाव्या हातात दुसरा. "आणि हा आकाराच्या मानानं हलका."

"आई, असं हातानं नाही कळत."

"मला नाही कळत?" सासूबाईंचा आवाज एकदम खिडकीतला झाला. "बत्तीस वर्षं काय केलं मी? वर लिहिलेलं असायचं 'लोकर' आणि आत भरलेलं असायचं लोखंड. पार्सल हातात घेतलं की हात सांगायचा. काट्यावर मी नंतर ठेवायचे, ते फक्त गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून."

बायकोला आईची बाजू घ्यायची होती, पण नवऱ्याची नोकरीही टिकवायची होती. तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. न्हाणीघरातून नवा साबण आणला, वेष्टन काढून मुठीत झाकलं आणि साबण आईच्या तळहातावर ठेवला.

सासूबाईंनी डोळे मिटले. "सव्वाशे ग्रॅमचा म्हणून विकतात. एकशे पंधरा आहे."

"चुकलीस. हा सव्वाशेचाच येतो. वर्षानुवर्षं मीच आणते." बायकोनं वेष्टन उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेलं. "अहो, एकशे पंधरा केलाय मेल्यांनी! किंमत तीच ठेवून!"

संग्रहपालांनी बाराही दगड सासूबाईंपुढे ठेवले.

पुढचा तासभर गॅलरीत पार्सलची खिडकी उघडली. सासूबाई एकेक दगड उचलत, दोनदा हातावर झेलत, बोटांनी कडा चाचपत आणि थप्पीत ठेवत. त्यांनी थप्प्या तीन केल्या आणि त्यांना आपली नावं दिली: जड पाकीट, हलकं पाकीट आणि जड डबा. चपटे दगड पाकिटांत गेले, आखूड चौकोनी बांध्याचे डब्यात. संग्रहपाल बघत राहिले. टँटलाइट आणि कोलंबाइटचे स्फटिक चपटे असतात आणि टॅपिओलाइटचे चौकोनी, हे समजायला त्यांना कॉलेजात दोन वर्षं लागली होती. सासूबाईंना ते पोस्टानं आधीच शिकवून ठेवलं होतं.

थप्प्या झाल्या तसे दगड ओळखीचे वाटू लागले. बारांच्या गर्दीत न लागणारी ओळख चौघांत लागते. एकाला अभ्रकाचा पापुद्रा होता, एकाच्या फटीत गुलाबी चूर अडकला होता; आकडे आठवत गेले. संग्रहपालांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चिठ्ठ्यांचा रबरबँड काढला आणि मोजायला घेतल्या.

"डबे तीन, टॅपिओलाइट तीन. बरोबर. हलकी पाकिटं..." ते थांबले. "आई, हलकी पाच कशी? कोलंबाइट चारच आहेत. जड पाच हवीत, चार झालीत. तुमचं एक चुकलं."

"माझं चुकलं नाही."

"अहो, चिठ्ठ्या सांगतायत ना!"

"चिठ्ठी माणूस लिहितो," सासूबाई म्हणाल्या आणि हलक्या पाकिटांमधून त्यांनी एक दगड उचलून पुढे धरला. "तुमचं कोडं यात असेल. हा फार रुबाबदार दिसतो, पण आत तेवढं नाही."

त्या दगडाच्या कोपऱ्यावर हातोडीचा टवका उडालेला होता. बारांपैकी हा एकच दगड संग्रहपालांनी ठिपक्याशिवायही केव्हाही ओळखला असता. तो टवका त्यांच्याच हातोडीचा होता. चोवीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, सहलीत त्यांनी तो एका टेकडीच्या पोटातून काढला होता. विभागप्रमुखांनी तो लांबूनच बघून "वा! टँटलाइट!" म्हटलं आणि चिठ्ठी लिहून टाकली. सरांनी म्हटल्यावर वजन कोण करणार? तेव्हापासून काचेच्या कपाटातल्या या ट्रेत तो मधोमध होता. खाली लिहिलेलं होतं, 'टँटलाइट. या संग्रहातील सर्वोत्कृष्ट नमुना', आणि त्याखाली 'शोधक' म्हणून संग्रहपालांचं नाव. आयुष्यात त्यांचं नाव चार लोकांसमोर एवढ्या एकाच ठिकाणी होतं.

"हा टँटलाइटच आहे," ते म्हणाले. आवाज जरा चढलाच.

"बावीस वर्षांपूर्वी मी स्थळ बघायला आले होते, तेव्हा हाच दाखवला होतात मला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण काचेतून. हातात दिला नव्हतात."

"हातात दिला असता तर?" बायकोनं विचारलं.

"तर चार दिवस विचार केला असता."

बायको हसत सुटली. संग्रहपालांना हसू आलं नाही. ते दगड घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले. त्यांना वाईट वाटलं, आणि फार वाटलं. त्यात आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली.  खरं काय ते तीन माणसांना माहीत होतं आणि तिन्ही घरातलीच होती. उद्या जुनीच चिठ्ठी लावली तर विचारणारं कोण होतं? उलट, खरी चिठ्ठी लावली तर तपासनीस बाई म्हणणार, की ज्याला आपलाच दगड चोवीस वर्षं कळला नाही, त्याच्या ताब्यात बाकीचे कशाला ठेवायचे?

सोमवारी साडेनऊला संग्रहालय उघडताच त्यांनी बाकी सगळं सोडून तो एक दगड काट्यावर ठेवला. दोनशे बारा ग्रॅम. मग पाण्यात बुडवला, चाळीस ग्रॅम पाणी बाजूला झालं. भागाकार पाच पूर्णांक तीन. टँटलाइट असता तर आठाच्या आसपास आला असता. सासूबाईंचा हात बरोबर होता, अशी काट्यानं गिऱ्हाइकाची खात्री पटवून दिली होती. संग्रहपालांनी पेन उचललं, मिनिटभर तसंच धरलं आणि मग सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'कोलंबाइट'. 'सर्वोत्कृष्ट' हा शब्द त्यांनी चपट्या, कुरूप अशा चार नंबरच्या टँटलाइटला दिला.

तपासनीस बाई बरोबर दहाला आल्या. कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पिशवीतून जुन्या सूचीचा एक कागद काढला आणि तडक त्या कपाटाशी गेल्या.

"सूचीत हा टँटलाइट आहे. तुम्ही कोलंबाइट लिहिलंय."

"हो. मोजला. पाच पूर्णांक तीन."

"कधी?"

"आज सकाळी," संग्रहपाल म्हणाले. "चोवीस वर्षं चुकीचं लिहिलेलं होतं. शोधक मीच."

बाईंनी कागद परत पिशवीत घातला. "सूचीतला फोटो बघूनच मला शंका आली होती. मी आज मुख्यतः एवढंच बघायला आले होते. आतापर्यंत चौदा संग्रहालयं पाहिली. आपला सगळ्यात चांगला दगड खाली उतरवणारा अजून कुणी भेटला नव्हता." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "संग्रह इथेच राहू दे. आणखी एक विचारायचं होतं. नमुने इतके स्वच्छ मी कुठेच पाहिले नाहीत. कशानं धुता?"

"ते... घरगुती पद्धत आहे," संग्रहपाल म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सासूबाईंना आणि बायकोला संग्रहालयात बोलावलं. कपाटाचं कुलूप काढलं आणि टवका उडालेला दगड त्यांनी स्वतः उचलून सासूबाईंच्या हातावर ठेवला. सासूबाईंनी तो दोनदा झेलला, चष्मा लावून चिठ्ठी वाचली. 'कोलंबाइट. शोधक', आणि जावयाचं नाव. पुन्हा एकदा दगड झेलला.

"आता ठीक आहे," त्या म्हणाल्या. "वर लिहिलंय तेच आत आहे."

बावीस वर्षांत सासूबाईंकडून इतका चांगला शेरा संग्रहपालांना मिळाला नव्हता. त्यांना भरून आलं आणि ते लपवायला त्यांनी उगाच कुलपाशी खटपट केली.

"मग काय आई, चार दिवस विचार करायचाय का अजून?" बायकोनं विचारलं.

"छे! आता कसला विचार?" सासूबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी रुमालाचं टोक जिभेनं ओलं करून दगडावरचा नवा पांढरा ठिपका खसाखसा पुसायला घेतला.