मक्याचे तुरे

कापसाचा शेंडा खुडला की बोंडं जास्त धरतात, यावर गोरेगावच्या माणिकरावांचा देवापेक्षा जास्त भरवसा. म्हणून बायको द्वारकाबाई बहिणीकडं वारंगा फाट्याला गेल्या, तेव्हा त्यांनी परसातल्या मक्याचे कोवळे तुरे झाडून सगळे खुडले आणि म्हशीपुढं टाकले. आता या माणसाला काय म्हणावं!

हा मका साधा नव्हता. त्यांची लेक प्रियंका पोटुशी होती आणि तिला डोहाळे लागले होते ते माहेरच्या परसातल्या कणसांचे. बाजारातलं कणीस ती तोंडात धरत नव्हती. आईनं शब्द दिला होता.

"अवो, तुरे कुठं गेले?" परतलेल्या द्वारकाबाईंच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"खुडले. आता बघ कशी कणसं धरतेत!"

"अवो, हा कापूस हाय का? तुऱ्याची धूळ कणसाच्या मिशांवर पडली तरच दाणा भरतो! लेकीला काय नुसता दांडा चघळाया देता?"

माणिकरावांचा चेहरा खर्रकन उतरला. ते तसेच शेजारी देविदासकडं धावले. त्याच्याही परसात मका होता, पण एकाही ताटाला तुरा नव्हता.

"तुमचं बघूनच खुडले, माणिकभाऊ! तुमी कापसातले जाणते. म्हणलं, बराबरच असंल. साऱ्या गल्लीनं खुडले!"

आतून देविदासची बायको जमनाबाई ओरडली, "माझ्या मोरीपाशी एक ताट हाय, उशिरा उगवलेलं. ह्यांना म्हणलं होतं, त्याला हात लावला तर भाकर मिळायची न्हाई!"

सकाळी त्या एका ताटापुढं साऱ्या गल्लीनं पराती धरल्या. जमनाबाई तुरा हलवत होती, पिवळी धूळ पडत होती. लेकराला पावडर लावावी तशी माणिकरावांनी एकेका मिशीला ती लावली. मागून द्वारकाबाई, "ही राहिली! ती काहून सोडली?"

पुढं प्रियंका आली. कणीस सोललं, तर मधेमधे दाणेच नाहीत. माणिकरावांनी कान धरले.

"बापानं घोटाळा केला, बाई."

प्रियंकानं करकचून चावा घेतला आणि डोळे मिटले. "असंच पायजे होतं, बाबा. आन् बघा, तुमचं नातवंडबी असंच बोळकं घेऊन हसणार!"

माणिकरावांचे डोळेच भरून आले. "पुढल्या वर्षी लेकरासाठी पुन्ना लावू."

"लावू की," द्वारकाबाई म्हणाल्या. "फक्त तुरे आले की वारंगा फाट्याला तुमी जायचं. मी घरी राहीन."