गिरणीचा पंचनामा

गिरणी बंद दाखवायचं मी ठरवलं, तेव्हा माझं डोकं जाग्यावर होतं की नाही, यावर आमच्या घरात अजून चर्चा चालते. (चर्चा म्हणजे माझी बायको म्हाळसा बोलते आणि मी ऐकतो.)

पंच्याण्णव साल होतं. काटेवाडीत आमची पिठाची गिरणी. विजेचे दर असे चढले होते, की दळणाचे पैसे हातात येण्याआधीच लाइट बिलात जात. असंच चाललं असतं, तर दिवाळीनंतर मोटर विकून गिरणीला कुलूप लावावं लागलं असतं. तेवढ्यात कळलं, की विजेच्या खर्चानं मेटाकुटीला आलेल्या छोट्या धंद्यांना सरकार बिलात सवलत देणार आहे. मी अर्ज केला. शुक्रवारी साहेब गिरणी बघायला येणार, असा निरोप आला.

सल्ल्यासाठी मी कन्हेरीला आप्पासाहेबांकडे गेलो. आप्पासाहेब माझे साडू. गारपिटीत त्यांची द्राक्षबाग आडवी झाली, तेव्हा तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत त्यांनी एक वेल उचलू दिला नव्हता, आणि भरपाई सगळ्यांच्या आधी त्यांनाच मिळाली होती.

"सरकारी मानसाला नुकसान दिसाया पायजे," ते म्हणाले. "हासत्या मानसाला कोन मदत देतंय?"

मला पटलं. शुक्रवारी सकाळी मी मोटरचा पट्टा उतरवला, पीठ झाडून काढलं, जात्यावर फाटकं पोतं टाकलं. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आपणहून होतं, ते राहू दिलं. आज कुणी दळण आणलं तर परत पाठव, असं म्हाळसाला बजावलं. ती काही बोलली नाही. (लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला वेळेवर कळत नाही.) मग दाढीसुद्धा न करता मी दारात उकिडवा बसलो.

साहेब आले. तरुण होते, अंगात गडद निळा सफारी, हातात फाइल. आत डोकावून त्यांनी विचारलं, गिरणी बंद आहे का.

"सा म्हैनं झालं साहेब," मी आवाज जमेल तेवढा खोल नेला. "बिल परवडंना. चाकच फिरलं न्हाय."

साहेबांच्या चेहऱ्यावर कळवळा दिसला. मनातल्या मनात मी आप्पासाहेबांना फेटा बांधला. तेवढ्यात साहेबांनी फाइल मिटली.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण सवलत चालू धंद्यांना आहे. जी गिरणी वीजच वापरत नाही, तिचं बिल कमी कसं करणार?"

गिरणी चालू आहे, कालच चार पोती दळली, असं मी घाईघाईनं सांगू लागलो. मग मघाशी सांगितलं ते काय होतं, असं त्यांनी विचारलं. साहेब जीपकडे वळले.

इतक्यात घरातून म्हाळसा बाहेर आली. मागे शेजारची दगडाबाई आणि आणखी आठ-दहा बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर दळणाचा डबा. म्हाळसानं कुणालाच परत पाठवलं नव्हतं. सगळ्यांना मागच्या दारानं आत घेऊन, चहा देऊन स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं. दगडाबाईनं सरळ साहेबांना गाठलं आणि सांगितलं, की उद्या नातीची हळद आहे, बुंदीचं बेसन दळायचं आहे, तुमचं झालं असेल तर वाट सोडा.

म्हाळसा पट्टा चढवता चढवता मला म्हणाली, "अवो, पंचनामा मेलेल्याचा करत्यात. आपली गिरणी जिती हाय."

तिनं खटका दाबला. साहेब दारातच थांबले. दहा मिनिटांत त्यांचा सफारी बेसनाच्या रंगाचा झाला. त्यांनी फिरता मीटर पाहिला, मागची बिलं मागितली. म्हाळसानं ती ट्रंकेतून तारीखवार काढून दिली. साहेब हसले आणि तिथंच पोत्यावर बसून फॉर्म भरू लागले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो, आणि माझे डोळे भरून आले. (पीठ गेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

महिन्याभरात सवलत मंजूर झाली आणि गिरणी वाचली. त्या साहेबांनी मनात आणलं असतं, तर मिटलेली फाइल मिटलेलीच राहिली असती. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, सरकारचेही नाही. म्हाळसाचे विसरायची सोयच नाही.

मंजुरीचं पत्र चौकटीत घालून मीच गिरणीत लावलं. न वाचता लावलं, ही माझी चूक. अर्ज माझ्या नावाचा होता, पण साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं होतं: गिरणीचालक, श्रीमती म्हाळसा. कामगार, एक पुरुष, अकुशल.