ताउनोच्या पाठीवरचा डाग

शनिवारी संध्याकाळी सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, काउको तिथल्या रीतीप्रमाणे आपल्या मित्राच्या पाठीवर बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी मारत होता. मारता मारता तो थांबला.

"ताउनो, पाठीवर काय आलंय रे तुझ्या? काळं दिसतंय."

"असेल काहीतरी."

"माझा चष्मा बाहेर आहे. पण काळं आहे."

विषय तिथेच संपला. सौनात याहून जास्त बोलायची पद्धत नाही. ताउनोची झोप मात्र उडाली.

सकाळी बायकोने, हिल्क्काने, पाठीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तर डाग वाढलेला. तिसऱ्या दिवशी बशीएवढा. नीट दिसावे म्हणून हिल्क्का दर वेळी फोन आणखी जवळ नेत होती, पण दोघांचेही धाबे दणाणले होते, लक्षात कुणाच्या येणार?

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ताउनोला घरात चैन पडेना. आपल्यामागे हिल्क्काला सरपण कमी पडू नये म्हणून त्याने परसातला बर्च तोडून, फोडून रचला. तरी हात शिवशिवतच होते. शेवटी जिवापाड जपलेल्या होडीच्या साखळीची किल्ली त्याने काउकोच्या हातात ठेवली.

"तू घे. माझे खांदे दुखतात हल्ली."

"बरं."

खरे कारण दोघांनाही ठाऊक होते.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिले. "म्हातारपणाची चामखीळ आहे. मेणाचा थेंब चिकटवल्यासारखी दिसते ना, तीच. काही करायचं नाही. कपड्यात अडकायला लागली तर काढून टाकू."

"पण वाढतेय ती." ताउनोने फोटो दाखवले.

"चामखीळ नाही, फोन जवळ आलाय. पुढच्या वेळी शेजारी मोजपट्टी धरा. खरंच वाढली, रंग बदलला, रक्त आलं, तर लगेच या."

पुढच्या शनिवारी ताउनो सौनात म्हणाला, "चामखीळ निघाली. म्हातारपणाची."

काउकोने तापल्या दगडांवर पाणी ओतले आणि घाम पुसल्यासारखे करून डोळे पुसले. "बरं झालं."

"खांदेही बरे आहेत आता."

काउकोने दगडांवर आणखी पाणी ओतले.

"होडी मी रंगवली," तो म्हणाला.

"चांगलं केलंस."

"बाजूला लिहिलंयसुद्धा. 'ताउनोच्या स्मरणार्थ'."

"वाळला रंग?"

"पक्का वाळलाय."

त्या उन्हाळ्यात तळ्यावर ताउनोच्या स्मरणार्थ खुद्द ताउनोच वल्ही मारत होता.