कच्चं असतानाच मीठ

चेन्नईतल्या आमच्या पेरुंगुडीच्या सोसायटीत एक गृहस्थ कॉम्प्युटरच्या कपाळाला कुंकू लावतात. रोज नाही, नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची असेल त्या दिवशी. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात राहुकाळ बघतात. तो टळला की स्क्रीनच्या वरच्या कडेला बोट टेकवतात, नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं माऊससमोर लिंबू ठेवतात आणि म्हणतात, "चला, वाटणी करूं."

हे सेतुमाधव राव. तांबरमला रेल्वेच्या हिशेबखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि त्यांची मराठी तिथंच थांबली. त्यामुळे रावकाका बोलू लागले की बखरीला फिल्टर कॉफीचा वास येतोय असं वाटतं.

मी त्यांच्यावर जळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सावध राहाल.

कारण असं की मी सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, केस पिकेपर्यंत तेच केलंय. पण माझ्या लॅपटॉपवर मागचं चित्र बदलायचं तरी कंपनीची परवानगी लागते. आणि इकडे हे निवृत्त हिशेबनीस! अजून बाजारात न आलेली, कंपनीने नुसती चाखायला दिलेली कच्ची आवृत्ती आधीच उतरवून घेतात आणि मला गॅलरीतून हाक मारतात, "तंबी! नवें आलें! पाहावयास येतोस?"

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. सत्तेचाळिसाव्या वर्षी!

मी जातो. न जाऊन सांगतो कुणाला?

काकांची पद्धत ठरलेली. जुनी सिस्टिम पुसायची नाही. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात जुनी, दुसऱ्यात नवी. कॉम्प्युटर सुरू केला की तो विचारतो, कुणाकडे जायचं? काका याला भावांची वाटणी म्हणतात. "थोरल्यास हात लावायचा नाहीं. धाकटा नाचूं दे आपल्या खोलींत."

धाकटा नाचायचाही. एकदा अर्ध्यावर त्याने स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची धमकी दिली, आणि नेमका राहुकाळ लागलेला. काका "नंतर" या बटणावर बोट ठेवून दीड तास बसले. फोन घेतला नाही, कॉफी मी पाजली. राहुकाळ संपला, बोट उचललं, आणि मेलं सगळं सुरळीत झालं! मी मनातल्या मनात किती नवस बोललो होतो.

"कच्चंच कशाला घालता काका?" मी खवचटपणे विचारायचो. "सहा महिन्यांनी पिकलेलं मिळेलच की."

"कच्चें आहे तोंवरच मीठ घालतां येतें, तंबी. चुलीवरून उतरवल्यावर मुरत नाहीं."

मला हे वाक्य म्हणजे मिरवायचा बहाणा वाटायचा. कारण नव्या सिस्टिमचे रंग, खिडक्या, झोकदार चित्रं, यांतलं काही ते पाहायचेच नाहीत. पडदा उजळला की त्यांची नजर थेट खालच्या डाव्या कोपऱ्यात. क्षणभर बघायचे. "हं. नाहीं." झालं परीक्षण! आणि कंपनीला लांबलचक तक्रार लिहायला बसायचे. म्हणजे घरी आलेल्या हापूसचा देठ तेवढा बघायचा आणि पेटी परत करायची.

घरी वेगळाच ताप. आमचा प्रिंटर रुसला तर बायको म्हणते, "तू नको हात लावूस. राव सारना बोलव." मराठी बाई, माझीच बायको, तीही राव सार म्हणते.

मागच्या महिन्यात मात्र मला संधी मिळाली. या खेपेची कच्ची आवृत्ती मध्येच कोलमडते असं ऑफिसात कळलं. रविवारी दुपारी मी सांत्वनाचा चेहरा करून वर गेलो.

दार उघडंच होतं. कॉम्प्युटरसमोर काका नव्हते, त्यांच्या अक्का होत्या. अक्का म्हणजे थोरली बहीण, वय पंच्याऐंशीच्या पुढे. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलं. हल्ली तिला नावं आठवत नाहीत, जेवली की नाही ते आठवत नाही. दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते मात्र खेळते, आणि चक्क जिंकते. काका तिच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभे. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मागें एकदां थोरला पुसून नवेंच घातलें होतें," ते कुजबुजले. "भेट म्हणून. कंपनीनें कोपऱ्यांतलें बटण मधोमध नेलें होतें. ही कोपरा चाचपत बसली. मग मज म्हणाली, सेतू, आपलें दार कुठें गेलें? तीन दिवस जेवली नाहीं. थोरला परत आणला तेव्हां जेवली."

"मग राहू द्या ना थोरला."

"किती दिवस? कंपनीनें सांगितलें आहे, पुढें त्यास कोणी पाहणार नाहीं. म्हणून दर कच्च्यास लिहितों. कोपरा राहूं द्या. आज पहिल्यांदां बटण डावीकडे सरकवायची सोय दिली."

पडद्यावर नवी सिस्टिम होती. अक्कांनी माऊस हलवला, बाण भटकला, मग खाली गेला, डावीकडे, कोपऱ्यात. टिक. पत्ते उघडले.

काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

अक्कांनी बदामची राणी उचलून ठेवली आणि माझ्याकडे वळून लाडाने तक्रार केली, "हा सेतू सदा कांहीं ना कांहीं बदलीत असतो बाबा. माझ्या खेळास तेवढा हात लावीत नाहीं. शहाणा आहे."

"होय अक्का," काका म्हणाले. "डाव पाहा."

कोलमडण्याची बातमी मी सांगितली नाही. ती त्यांना माझ्याआधी कळलेली असणारच.

खाली आलो. बायकोने विचारलं, "काय करत होते राव सार?"

"मीठ घालत होते," म्हटलं.

जळणं काही थांबलेलं नाही. पण आता मी काकांवर जळत नाही. अक्कांवर जळतो.