मैनेचे चौसष्ट ठोके

अंजूरच्या भावेशला माणसं ओळखता येत नसत, पण घोडे तो आरपार ओळखे! निदान तसं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगे.

त्याच्या तबेल्यात दोनच जनावरं. एक फौजदार. समोरून सलाम ठोकल्याशिवाय हा पाऊल उचलत नाही, असं भावेशचं ठाम म्हणणं. त्यामुळे रोज सकाळी बापाच्या फोटोला नमस्कार करायचा राहिला तरी फौजदाराचा सलाम चुकत नसे. दुसरी मैना. मैना फार हळवी!

"मी नुसता दिसलो ना, की काळीज धडधडतं तिचं," तो बायकोला म्हणे. "हात लावून बघ!"

"लग्नाला सहा वर्षं झाली," उन्नती म्हणे. "माझं काळीज कधी तपासलंत?"

भावेश लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरे. तिथे नुसतं पळून भागत नाही. चाळीस किलोमीटर तुडवून आल्यावर वीस मिनिटांत घोड्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या आत यावे लागतात. नाही आले की बाद! मैना तीनदा बाद झाली होती. पळण्यात पहिली आणि तपासणीत नापास.

शेवटी भावेशची आई, आक्का, कंबरेला पदर खोचून तबेल्याच्या दारात उभी राहिली.

"आरं, सगळ्या गावानं गोदामं बांधली, आपल्याच दारात लीद हाय! या टायमाला बाद झाली तर घोडी इकायची. मंग माझ्याफुडं रडायचं न्हाय!"

आक्काचं डोकं आधीच तापलेलं होतं. डब्यातला गूळ रोज कमी होत होता आणि आळ अर्थातच सुनेवर होता. "एवढा गूळ खातीस," ती उन्नतीला म्हणे, "मंग जिभेवर कसा येत न्हाय?"

शर्यत वज्रेश्वरीच्या अलीकडच्या माळावर होती. मैना अशी पळाली की भावेशला फक्त वर बसून राहायचं काम होतं. तो उतरला तेव्हा देवीला वाहायचा नारळ घेऊन आक्का आणि उन्नती रिक्षातून तिथे पोहोचल्याच होत्या.

डॉक्टर मेघालीनं मैनेच्या छातीला नळी लावली. "बहात्तर. बारा मिनिटं आहेत, येतील खाली."

भावेशनं आक्काकडे बघितलं. मैना गेली तर? त्यानं तिच्या गळ्याला मिठीच मारली. "मैने, घाबरू नको! मी हाय ना!"

"अठ्ठ्याहत्तर!"

त्यानं कपाळाला कपाळ टेकवलं.

"ब्याऐंशी! दादा, तुम्ही करताय काय?"

"धीर देतोय तिला!"

"देऊ नका!"

एवढ्यात त्याचा चुलतभाऊ हितेश मदतीला धावला. "पाणी मार, पाणी!" असं ओरडत त्यानं बादली रिकामी केली. निम्मी मैनेवर, निम्मी भावेशवर! भावेशनं ओलं जाकीट काढून मैनेशेजारच्या दोरीवर टाकलं आणि डॉक्टरनं त्याला सरळ घोडी आणलेल्या टेम्पोमागे हाकललं.

"सत्तर," डॉक्टर म्हणाली.

"बघितलंत? मी दिसलो नाही की कमी होतं!" टेम्पोमागून आवाज आला. आवाजात रडू होतं आणि तोराही होता. "एवढी माया हाय तिची! आता पास व्हायला तिनं मलाच विसरायला पाहिजे!"

अडुसष्ट. पुढे काही केल्या उतरेना. तीन मिनिटं उरली. मैना मान लांबवून जाकिटाकडे ओढ घेत होती.

"माझा वास शोधतेय!" भावेश टेम्पोआडून डोकावत गहिवरला.

"अहो, तुमचा नाही," उन्नती म्हणाली. "खिशाचा! उजव्या खिशाचा."

आक्कानं जाकीट उचललं, उजव्या खिशात हात घातला. बाहेर निघाला मुठीएवढा, पाण्यानं चिकट झालेला गुळाचा खडा. खड्याखाली आक्काच्याच गुळाच्या डब्यावरचं फडकं!

"भावेशा!"

टेम्पोआडचं डोकं झटकन मागे गेलं.

"रोज देतोस तिला?"

"तसं रोज… म्हणजे, सकाळ-संध्याकाळ…"

"म्हंजी याच्यापायी तिचं काळीज उडतंय! आनि तीनदा याच्यापायीच बाद झाली?" आक्का कडाडली. मग सुनेकडे न बघता पुटपुटली, "तरी म्हनलं, जिभेवर कसा येत न्हाय!"

हे चालू असताना मैनेनं आक्काच्या तळहातावरून खडा अलगद उचलला. कुडूमकुडूम चावला. लांब सुस्कारा सोडला आणि एक कान पाडून उभी राहिली.

"छप्पन्न!" डॉक्टर ओरडली. "पास!"

भावेश टेम्पोमागून धावत आला आणि त्यानं मैनेला कवटाळलं. डॉक्टरची नळी अजून जागेवरच होती.

"छप्पन्नच," ती म्हणाली. "काही फरक नाही."

आक्कानं शब्द पाळला. घोडी राहिली, पण गुळाचा डबा आक्काच्या ट्रंकेत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावेश रिकाम्या खिशानं तबेल्यात गेला. मैनेनं उजवा खिसा हुंगला. डावा हुंगला. मग शेपटी उडवून त्याच्याकडे पाठ केली.

"उन्नती, लवकर ये!" तो आनंदानं ओरडला. "बघ, माझ्यावर रुसलीय!"

दारात उभी असलेली उन्नती काहीच बोलली नाही. आक्कानं स्वतःच्या हातानं दिलेला गुळाचा खडा तिच्या तोंडात होता.