आज तू मेलास

नोकरीतल्या माझ्या पहिल्याच शनिवारी अण्णांनी मला मारलं. हात लावला नाही. चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि माझ्याकडे बोट करून शांतपणे म्हणाले, "आज तू मेलास. ऊठ."

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही. शेजारच्या टेबलावरची वैशाली हळूच म्हणाली, "ऊठ लवकर. ते चेष्टा नाही करत."

आमचं ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मोजकेच संगणक, एक फोन आणि खालून दिवसभर येणारा ड्रिलचा आवाज. दूध संघ आणि साखर कारखान्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. मल्लिकार्जुन शेटे, म्हणजे अण्णा, आमचे प्रमुख. गाव संकेश्वरच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं, त्यामुळे घाबरले की तोंडातून "यप्पा!" निघायचं. आणि ते सतत घाबरलेलेच असायचे.

दर शनिवारी आमच्यातला एकजण मरायचा, अशी त्यांची पद्धत. मेलेल्याने खिडकीजवळच्या मोडक्या वेताच्या खुर्चीत बसायचं. त्याला चहा मिळायचा, पण बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, डोळेसुद्धा मोठे करायचे नाहीत. मग त्याच्या प्रोग्रॅममध्ये अण्णा एक बदल सुचवायचे, आणि तो मागे राहिलेल्यांनी करून दाखवायचा.

माझा प्रोग्रॅम दूध संकलनाचा होता आणि आल्या आल्या आठवड्याभरातच तो मी भलताच हुशारीने लिहिला होता. नावं देण्यात वेळ कशाला घालवा, म्हणून कशाला एक्स म्हटलं होतं, कशाला वाय. सगळं माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण डोकं त्या दिवशी खुर्चीत मरून पडलेलं. वैशाली दुपारपर्यंत त्या एक्स आणि वायशी झगडली, शेवटी वैतागून तिने एका ठिकाणी काहीतरी बदललं आणि आख्ख्या तालुक्यातल्या गाईंच्या म्हशी झाल्या. मी घामाघूम. तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा कानाशी आले. "गार बस. मढी बोलत न्हाईत."

संध्याकाळी मला पुन्हा जिवंत करताना ते म्हणाले, "हुशारी घरात ठिवून येत जा. हितं साधं लिव्ह. तुझ्या मागं राहिल्याल्यांनी काय करायचं, ह्याचं भ्या वाटू दे की जरा."

भ्या हा अण्णांचा लाडका शब्द. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला की त्यांचा चेहरा पडायचा. "चालला? मग तर भ्याच." आभाळ भरून आलं की सगळ्या वायरी काढून टाकायचे. फ्लॉप्यांची एक प्रत ऑफिसात, एक घरच्या तांदळाच्या डब्यात आणि एक निपाणीला बहिणीकडे. कोल्हापुरात स्कूटरवर हेल्मेट घालणारा माझ्या माहितीतला तेवढा एकच माणूस. सिग्नलला लोक विचारायचे, "पावणं, चंद्रावर निघालाय काय?" अण्णा उत्तर द्यायचे नाहीत, कारण ते रस्त्याकडे बघत असायचे. उताराला तर स्कूटर बंद करून हातात धरून चालायचे.

अशा माणसाच्या हाताखाली आपणही घाबरट होतो. शनिवारी घरून निघताना मी देवाला हात जोडायचो. फोन वाजला की आख्खं ऑफिस दचकायचं.

वर्ष संपताना बढतीचं बोलणं निघालं. मी छाती काढून म्हणालो, "अण्णा, माझ्याशिवाय दूध संघाचं पान हलत नाही." ते एकदम पांढरेफटक पडले.

"हे कौतुकानं सांगायलास? यप्पा! वैशाली मेलती तवा दुपारपतोर कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. ह्याला काम म्हणत्यात."

बढती वैशालीला मिळाली. मला राग आला, खूप आला. पण त्या रागात मी माझा सगळा प्रोग्रॅम उसवून पुन्हा लिहिला. गाईला गाय म्हटलं, म्हशीला म्हैस. जिथे काही अवघड होतं तिथे का केलं ते लिहून ठेवलं. पुढच्या खेपेला मी मेलो तेव्हा वैशालीने बदल करून वर माझा चहाही पिऊन टाकला.

मग तो मंगळवार आला. आमचा प्रोग्रॅम त्या दिवशी एका मोठ्या दूध संघात पहिल्यांदा सुरू व्हायचा होता. गेटवर टँकर उभे राहणार, नोंद झाल्याशिवाय एकही रिकामा होणार नाही, आणि नोंद अडली तर दूध नासणार. मी आणि वैशाली तिकडे निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

गावाकडचा शेजारी होता. माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, छातीत कळ आली होती. राधानगरीच्या दवाखान्यात नेलं होतं. "बोलत्यात अजून," तो म्हणाला, "पर लगीच ये."

मी रिसीव्हर ठेवला. तरी तोंडातून निघालं, "अण्णा, टँकर तेवढे रिकामे करून देतो आणि दुपारनंतर जातो. मी नसलो तर..."

"वार काय आज?"

"मंगळवार."

"आजपास्नं मंगळवारी बी," अण्णा म्हणाले. "तू मेलास. ऊठ."

मी वैशालीकडे बघितलं. "मेलायस तू," ती म्हणाली. "जा. बघते मी."

अण्णांनी हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं, स्वतः बोडकेच बसले आणि स्कूटर अशी काही सोडली की मी डोळे मिटून घेतले. हॉर्न दाबून धरलेला, उताराला ब्रेक नाही. रंकाळा स्टँडवर राधानगरीची गाडी लागलेली होती. मी उतरलो, पण अण्णांनी माझा दंड सोडला नाही.

"माझं वडील, अप्पा, गेलं तवा मी कारखान्यात हुतो," ते म्हणाले. "हंगाम चालू. तितलं मशीन मला एकट्यालाच येत हुतं. एवढा आजचा दिवस काढा, म्हणालं सगळी. मला बी बरं वाटलं, आपल्याबिगर अडतंय म्हणून. मी पोचलो तवर माती दिल्याली. अव्वा, आई माझी, म्हणाली, रातभर दाराकडं बघत हुतं." मग त्यांनी मला जवळजवळ गाडीत ढकललंच. "पळ."

दोन वर्षं शनिवारच्या नावाने या माणसाला मी मनात शिव्या घातल्या होत्या. सबंध वाटभर मला रडू येत होतं, आणि प्रत्येक थांब्यावर गाडी थांबली की मी उठून उभा राहत होतो.

दवाखान्यात तात्यांच्या नाकात नळी होती. डॉक्टर नक्की काहीच सांगत नव्हते. मी कॉटजवळ बसलो, हात धरला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाले, "जेवलास का रं?"

अंधार पडायच्या आत समोरच्या एसटीडी बूथवरून मी ऑफिसला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. अण्णा फोनशीच बसून असावेत.

"अण्णा, मी बोलतोय."

"बोललं का?" त्यांनी विचारलं. "तुझ्यासंगट बोललं का?"

"व्हय अण्णा. जेवलास का, म्हणाले."

पलीकडून खालच्या दवाखान्यातला ड्रिल तेवढा ऐकू येत होता. मग नाक शिंकरल्यासारखं झालं.

"अण्णा, टँकरचं काय झालं? दूध..."

"मढी फोन करत न्हाईत," अण्णा म्हणाले. "जा, त्यांच्याजवळ बस." आणि त्यांनी फोन ठेवला.